पायरीकाकांची आठ पानांची चोपडी

पायरीकाका दुसऱ्याच्या संगणकाजवळ बसले की आधी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकायचे. खुर्ची असो, बाक असो, नाहीतर जमिनीवरची सतरंजी. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या शर्टाला दोन पेनं लावलेला माणूस असा हातांवर बसलेला बघून लोकांना हसू यायचं. मलाही पहिल्यांदा आलं. समोरचा कीबोर्डवर चाचपडायला लागला की काकांचे खांदे वर चढायचे, मान पुढे जायची, ओठ हलायचे, पण हात काही बाहेर यायचे नाहीत. "माझा हात लागला का त्याचं शिकणं खलास," असं ते म्हणायचे.

त्यांचं खरं नाव पोस्टमनलाच माहीत असावं. लोधिवलीत आणि चौकच्या बाजारात ते पायरीकाकाच. कारण ते काहीही सांगायला लागले की पायऱ्यांनी सांगायचे. "पायरी पयली, बटन दाबा. पायरी दुसरी, थांबा." त्यांच्याकडे जेवायला गेलं तर वालाच्या बिरड्याची कृतीसुद्धा पायऱ्यांनी ऐकावी लागे, आणि काकू आतून ओरडायच्या, "अवो, पायरी नववीला मीठ हाय, ते तुमी इसारलात."

ही सवय कारखान्यातली. रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी पॅनलसमोर काढली. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, तापमान किती झालं की काय बंद करायचं, याचे कागद लिहायचं काम त्यांच्याकडे असे. "हुशार मानसासाठी कागद लिवायचाच नाय बाई. तिसऱ्या पाळीला आलेला, घरी पोर आजारी असलेला, डोळं मिटत असलेला मानूस डोळ्यापुढं आनायचा आन त्याच्यासाठी लिवायचं. त्यानं चूक केली तर चूक मानसाची नाय, कागदाची." हे शेवटचं वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की मी शाळेत मुलांचे पेपर तपासताना मला ते आठवायचं आणि चिडचिड व्हायची. सगळा वर्ग नापास झाला तर चूक कागदाची, म्हणजे माझीच की.

आता त्यांच्या लिनक्सच्या वेडाचं सांगते. निवृत्तीनंतर घेतलेला त्यांचा संगणक जुना झाला. नवीन विंडोज त्यावर चढेना. दुकानदार म्हणाला, भंगारात घाला, नवा घ्या. काकांना चालू वस्तू भंगारात घालणं म्हणजे पाप वाटे. कुठून तरी त्यांना कळलं की लिनक्स नावाची फुकट मिळणारी व्यवस्था असते, ती टाकली की जुनी मशीनं पुन्हा चालू लागतात. ती टाकायला त्यांना चौदा दिवस लागले. दुसरा कुणी असता तर जमलं म्हणून मिशीला पीळ देत फिरला असता. काकांना राग आला. "मी पॅनलवरचा मानूस. मला चौदा दिस लागले. मंग हिला किती लागतील?" असं म्हणून त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "मला कशाला लागतायत, मी हातच लावनार नाय." पण काकांनी ठरवलं होतं. साध्या माणसाला, कुणाला न विचारता, आपल्या घरात बसून आपल्या हातानं लिनक्स टाकता आलं पाहिजे. त्यासाठी एक पेनड्राइव्ह आणि मराठीतली एक चोपडी, बस्स.

चौक, खोपोलीकडच्या एक-दोन कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक त्यांनी टेंपोत घालून घरी आणले. कचेरीवाल्यांची अट एकच होती, आत आमचं काही शिल्लक राहता कामा नये. काका शब्दाचे पक्के. नुसतं पुसलेलं पुन्हा काढता येतं म्हणून त्यांनी पेनड्राइव्हमध्येच सोय केली होती की लिनक्स बसायच्या आधी डिस्कभर शून्यं भरली जातील, मग देवसुद्धा काही परत काढू शकणार नाही. हे त्यांनी मला फार अभिमानानं सांगितलं होतं. मी मान डोलवली होती आणि विसरून गेले होते.

मग त्यांनी माणसं बसवायला सुरुवात केली. पहिले बसले चौकचे शिंपी. चोपडीत लिहिलं होतं, सुरू होताना एफ बारा दाबा. शिंप्यांनी इमानेइतबारे आधी एफ दाबलं, मग एक, मग दोन. काही होईना. काका हातांवर बसून घामाघूम. शिंपी म्हणाले, "काका, तुमचा कागद खोटा हाय." काकांनी त्या रात्री जेवणसुद्धा धड केलं नाही म्हणे, पण सकाळी तोड काढली. काकूंच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक लाल टिकली त्यांनी त्या बटणावर चिकटवली आणि चोपडीत लिहिलं, लाल टिकलीचं बटण दाबा. पुढे प्रत्येक पेनड्राइव्हच्या पाकिटात ते एक टिकली घालून द्यायचे आणि कुठल्या मशीनला कुठल्या बटणावर ती लावायची याचं चित्र काढायचे. काकू म्हणायच्या, माझं कपाळ रिकामं ठेवून संगणक सवाष्ण करायला निघालेत.

अशा एकेक पायऱ्या त्यांनी घासून घासून गुळगुळीत केल्या. जगाचा नकाशा यायचा आणि गाव विचारायचं. शिंप्यांनी नकाशावर चौक शोधलं, मग मुंबई शोधली, शेवटी कोलकाता दिसल्यावर ते घाबरले, "आपन तिकडं कुठं चाललो?" काकांनी तो प्रश्न काढून टाकला, पेनड्राइव्हनंच त्याचं उत्तर आधी भरून ठेवलं. कुणा लांबच्या माणसानं केलेलं मराठी भाषांतर होतं, त्यात एके ठिकाणी 'आरोहण बिंदू' असं यायचं. काका मला विचारायला आले, "बाई, तुमी मराठी शिकवता. ह्यो काय गड चढायचा प्रकार हाय?" मलाही कळलं नाही. तेही गेलं. अकरा प्रश्न विचारणारी ती लांबलचक गोष्ट हळूहळू तीन प्रश्नांवर आली. नाव काय, पासवर्ड काय, आणि तिसरा, सगळी डिस्क पुसून टाकू का?

या तिसऱ्या प्रश्नापाशी सगळ्यांचे हात थांबायचे. त्या संगणकात काही नव्हतं, बसणाऱ्याला ते माहीत होतं, तरी 'पुसून टाकू का' हे वाचलं की माणूस खुर्चीवरून उठायचा. एक बाई तर हात जोडून म्हणाल्या, "नको हो काका, आमच्या हातनं काय बरंवाईट झालं तर." काकांनी तो प्रश्न सहा तऱ्हांनी लिहून बघितला. कुणाला धीर द्यायचा झाला तर म्हणायचे, "घाबरताय कशाला? पावसाच्या आधी छपराची कौलं बदलतो ना आपन? छप्पर नवं, घर तेच." तरी हात थांबायचेच. शेवटी एके दिवशी त्यांनी तोही प्रश्न काढला. "भीतीच काढली बाई," ते म्हणाले. चोपडी आठ पानांची झाली होती. ती त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून दाखवली, बारशाच्या दिवशी बाळ दाखवतात तशी.

त्यांनी पाकिटं वाटली. शिंप्याला, किराणावाल्याला, पतसंस्थेतल्या बाईला, लग्नात भेटलेल्या कुणालाही. मलाही दिलं. पण एक गोष्ट त्यांना खात होती. ज्यांना ज्यांना जमलं ते सगळे त्यांच्या घरी, ते शेजारी बसलेले असताना. "मी खोलीत हाय म्हंजे धीर असतो. तसं कुनीबी करंल. मी नसताना जमलं पायजे. एक मानूस, आपल्या घरात, चोपडी घेऊन. एक झाला ना बाई, तरी माझं काम झालं." डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं काही सांगितलं होतं, त्यामुळे हे 'मी नसताना' ते जरा जास्तच म्हणायला लागले होते.

आता माझं. मी कर्जतला राहते आणि कोंडाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. दोन शिक्षकी शाळा, त्यातली मी मोठी बाई. काका तिथे एक टाकून दिलेला संगणक द्यायला आले होते, तेव्हापासूनची आमची ओळख. तो संगणक मुलांचा, आत जपण्यासारखं काही नसलेला. दुसरा एक शाळेचा आधीपासूनचा होता, माझ्या टेबलावरचा. त्यात एक फोल्डर होतं, 'जुनं रजिस्टर'.

शाळेचं पहिलं जनरल रजिस्टर, म्हणजे वाडीतल्या कुणी कधी शाळेत नाव घातलं, त्याची जात काय, जन्म कधीचा, याची नोंद. आताच्या मुलांचे आजे त्यात होते. जातीचा दाखला काढायचा तर आजाची, चुलत आजाची शाळेतली नोंद लागते, आणि वाडीवर दुसरा कागद कुणाकडे असणार? पानं हातात घेतली की तुटायची, म्हणून मी एका दिवाळीच्या सुट्टीत बसून सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि संगणकात घातले. पुढच्याच पावसाळ्यात कपाटाच्या मागे भिंत पाझरली, वाळवी लागली आणि रजिस्टराचा लगदा झाला. वर कळवलं, पंचनामा झाला. सगळे म्हणाले, बरं झालं बाई तुम्ही फोटो काढलेत. त्या फोटोंवरून दोन घरांना उतारेही दिले होते. दुसरीकडे कुठे तरी ठेवायला हवेत हे मला कळत होतं. कळणं आणि करणं यात माझं नेहमी अंतर असतं, माझा नवराही तेच म्हणतो.

काकांनी दिलेलं पाकीट मी आठ महिने शाळेच्या कपाटात ठेवून दिलं होतं. गणपतीत त्यांच्याकडे गेले तेव्हा आरतीनंतर ते मला म्हणाले, "बाई, अजून एकाचाबी फोन आला नाय." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. पण मला लाज वाटली. माझ्या टेबलावरचा संगणकही सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेतच होता. त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली, दुसरे गुरुजी खाली उतरले, मुलं गेली. मी दार ओढून घेतलं आणि पाकीट उघडलं.

टिकली लावली. दाबली. पडद्यावर काकांचं मराठी आलं, अगदी ते बोलतात तसं. 'आता थोडं थांबावं लागेल. घाबरू नका. संगणक बंद करू नका.' एक पट्टी सरकायला लागली. फार हळू सरकत होती. मी डबा काढला. भाकरी, भेंडीची भाजी, लोणचं. दीड तास ती पट्टी सरकत होती आणि मी डबा खाऊन, हात धुऊन, वह्या तपासत बसले होते. मला एकदासुद्धा मनात आलं नाही. छप्पर नवं, घर तेच, हेच डोक्यात. मग नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आणि समोर स्वच्छ मराठीत नवा संगणक.

आमच्या वाडीवर मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. मी तिथे धावत गेले. या वयात, साडी नेसून. फोनवर मी सांगितलं, झालं. काकांनी विचारलं, "कुठं अडलात?"

"कुठंच नाही."

"कुठंच नाय?"

"कुठंच नाही काका. मी एकटी होते. चोपडी आणि मी."

त्यांनी काकूंना हाक मारली. "अगो, बाईंना जमलं. मी नसताना जमलं." आणि मग फोन काकूंकडेच दिला. काकू म्हणाल्या, "बाई, उद्या या हो, शिरा करतेय." मी गेले. शिरा खाल्ला. त्या रविवारइतका आनंदी माणूस मी माझ्या आयुष्यात बघितला नाही, आणि तो आनंद माझ्यामुळे होता म्हणून मीही हवेत होते.

सोमवारी सोमी आली. वाडीतलीच, तिची मुलगी रंजना बारावी झालेली, वाडीतली पहिली. नर्सिंगला नंबर लागत होता, जातीचा दाखला जोडायचा होता. "बाई, आज्याच्या नावाचा कागद पायजे," सोमी म्हणाली. मी म्हटलं, बस, देते की. संगणक भरभर सुरू झाला. फोल्डर दिसेना. मला वाटलं नवीन घरात सामान कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय ते सापडत नाहीये. मी टाकीपाशी जाऊन फोन लावला, हसतच.

"काका, तुमच्या लिनक्सनं माझे फोटो कुठं ठेवलेत?"

"कसले फोटो?"

"जुन्या रजिस्टरचे. माझ्या टेबलावरच्या संगणकात होते ना."

पलीकडून आवाजच येईना. रेंज गेली म्हणून मी टाकीच्या दुसऱ्या बाजूला गेले, हॅलो हॅलो केलं.

"बाई," ते म्हणाले, "मुलांच्या संगणकावर केलंत ना तुमी?"

"नाही. माझ्या."

"ते फोटो दुसरीकडं असतील. मोबाईलमध्ये?"

"तो मोबाईल गेल्या वर्षी फुटला."

"कुनाला पाठवलं असतील."

"नाही हो काका. का?"

"मी येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

लोधिवलीहून कर्जत, कर्जतहून रिक्षानं कोंडाणे, आणि तिथून चढ. हृदयाचा माणूस, दोन तासांत वर आला. आल्या आल्या कीबोर्ड ओढून घेतला. मी त्यांना दुसऱ्याच्या मशीनला हात लावताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दहा मिनिटं काय काय केलं आणि मग थांबले. "काय नाय ऱ्हायलं बाई. ती पट्टी सरकत होती ना दीड तास, ती तेच करत होती. शून्यं भरत होती." मी म्हटलं, मी तेव्हा डबा खात होते. का म्हटलं कोण जाणे. तेवढंच सुचलं. रडू आलं ते त्यानंतर.

"तुमची चूक नाय," ते म्हणाले. "तुमी कागदात लिवलं तेवढं केलंत. कागदानं विचारायला पायजे होतं. मी तो सवाल काढला."

मी भांडले. म्हटलं, दुसरी प्रत मी ठेवली नाही, मशीन मी निवडलं, चूक माझी. ते ऐकेनात. शेजारी सोमी पदर खोचून उभी, तिला आमच्यातलं काही कळत नव्हतं. काका उठून तिच्यासमोर गेले. "ताई, तुमच्या पोरीच्या आज्याचं नाव माझ्यामुळं पुसलं गेलं. तुमच्या एकटीच्या घरातलं नाय, समद्या वाडीचं."

सोमीनं त्यांच्याकडे बघितलं. "तुमी काय मुद्दाम केलाव का बाबा? जाऊ द्या. आमचा असाच असतं," ती म्हणाली आणि त्यांना धाप लागलेली बघून पाणी आणायला गेली. काकांनी तांब्या हातात घेतला, प्याले मात्र नाहीत. आम्ही डोंगर उतरलो. खाली पोचल्यावर म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

रंजनाच्या दाखल्यासाठी मी जमेल तिथे गेले. दुसऱ्या वाडीतल्या नातेवाइकांचे कागद शोधले, प्रतिज्ञापत्रं केली, साहेबांपुढे उभी राहिले. ते तरी काय करणार, त्यांना पुरावा लागतो. प्रवेशाची तारीख गेली. रंजना आता खालच्या एका फार्महाउसवर चादरी धुते. शनिवारी-रविवारी मुंबईची माणसं येतात, सोमवारी ढीगभर चादरी. रस्त्यात भेटली की "बाई" म्हणून हसते. तिचं ते हसणं मला सोसत नाही, मी गाडी पुढे घेते.

काका दुसऱ्याच दिवसापासून वाटलेली पाकिटं परत गोळा करायला लागले. अजून कुणाचं काही पुसलं जाऊ नये म्हणून दारोदार फिरले. एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर होते. शिंप्यांनी खण उघडून पाकीट दिलं, किराणावाल्यानं उदबत्तीच्या पुड्यांमागून काढून दिलं. पतसंस्थेतल्या बाईंना शोधायला अर्धा तास लागला. सगळी पाकिटं जशीच्या तशी बंद होती. चोपडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. शिंपी म्हणाले, "काका, वेळ कुठं असतो? आन दुकानात दिलं की ते करून देतात." काका "हां, बरोबर" म्हणाले. घरी येऊन त्यांनी पाकिटं मोजली नाहीत, नुसती टेबलावर ओतली आणि बघत बसले. इतक्या लोकांत उघडलेलं एकच होतं. माझं.

तरी त्यांनी सोडलं नाही, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. प्रश्न परत आला. मग त्याच्या आधी एक इशारा आला, मग इशाऱ्याच्या आधी सूचना. फोटो आहेत का बघा. कागद आहेत का बघा. घरातल्या सगळ्यांना विचारा. शेजारच्याला विचारा. पान पान लाल पेनानं 'थांबा' लिहिलेलं. आठ पानांची चोपडी साठांवर गेली. काकूंनी एकदा चाळली आणि म्हणाल्या, "अवो, ही चोपडी हाय का पंचांग?" कुणी हसलं नाही. शिंप्यांना पुन्हा बसवलं तर ते तिसऱ्या पानावर जांभई द्यायला लागले, आणि काकांनी त्यांच्या हाताखालून कीबोर्ड ओढून सगळं स्वतःच करून टाकलं. मी तिथे होते. शिंपी खूश झाले. काका माझ्याकडे बघत नव्हते.

पाऊस संपता संपता त्यांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं ते पुन्हा उठलेच नाहीत. मी दर रविवारी जायचे. बोलणं फारसं नसे. काकू माझ्याशी बोलायच्या, ते छताकडे बघत पडलेले. एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "बाई, एवढं सगळं केलं त्याचा कुनाला काय उपेग झाला का हो?" आणि मला ते सहन झालं नाही. मी शिक्षिका आहे, मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगते. मी म्हटलं, "अहो, सांगायचंच राहिलं. रसायनीला माझ्या ओळखीची एक सुनंदा आहे, अंगणवाडीत मदतनीस. तिला मी तुमची चोपडी दिली होती. तिनं एकटीनं केलं. कुणी नव्हतं घरात."

"कुठली चोपडी? जाडी का बारीक?"

"जाडी," मी म्हटलं. "सगळी वाचली तिनं. आधी तिच्या पोरांचे फोटो बाजूला काढून ठेवले, मग केलं."

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाले, "तिला एकदा घेऊन या. मला बघायचंय तिला." मी म्हटलं, आणते. दुसरं काय म्हणणार होते?

पुढच्या रविवारी मी गेले नाही. कुणाला सुनंदा म्हणून न्यावं, याचा विचार मी खरोखरच केला होता. वाडीवरच्या अंगणवाडीताईंना विचारावं असंही ठरवलं होतं, पण तोंड उघडलं नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी सकाळी काकूंचा फोन आला, तो ते गेल्याचाच.

दहाव्याला गेले. माणसं बाहेर मांडवात होती. काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि कपाटातून एक पिशवी काढली. आत हिरव्या रंगाचा खण होता आणि नारळ.

"ते रोज इचारायचे, सुनंदा आली का. मला सांगितलं होतं, पयल्यांदा घरी येतेय, तिची ओटी भरायची. मंग मी आनून ठेवला. शेवटच्या दिसापत्तुर दाराकडं तोंड करून निजवायला लावलं त्यांनी." काकूंनी पिशवीचे बंद नीट केले. "आता मला काय भरता यायची नाय. तुमीच न्या बाई, तिला द्या. आन सांगा, लय वाट बघितली तुजी."

मी पिशवी घेतली. "सांगते," म्हटलं.